गाडी ‘लो’ केली आणि पुढचे टायर आतून खाल्ले: जुन्या पिकअपवरून समजून घ्या कॅम्बर, कॅस्टर आणि टो

रीलमध्ये एक जुना पिकअप गेटमधून हळूच बाहेर येतो. पुढचा बंपर जमिनीला टेकल्यासारखा दिसतो, मागे बास वाजतो आणि खाली कमेंट येतात, ‘भावा, खर्च किती आला?’ नंतर टायरचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आमच्याकडे नव्वदच्या दशकातली टाटामोबाईल २०६ आहे. ती मी पुढून साधारण ५ सेंमी खाली घेतली. एका पान्यात काम झालं, खर्च शून्य. चार महिन्यांत पुढचे दोन्ही नवे टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत गेले.

पण टायरचं दुःख नंतरचं. तळवड्यातून देहू-आळंदी रस्त्याने जाताना, पाऊस नुकताच थांबलेला, डाव्या बाजूने दोन बाया चालत होत्या. पुढचं चाक एका खड्ड्यात बसलं आणि गाडी स्वतःहून त्यांच्या दिशेने हातभर सरकली. स्टीअरिंग मी हलवलं नव्हतं. बाया घाबरून बाजूला झाल्या, एकीने मला चांगलंच सुनावलं, आणि ते योग्यच होतं. आदल्याच आठवड्यात मी कॉम्प्युटराइज्ड अलायनमेंट करून घेतलं होतं. कागदावर टो हिरवा होता. मग गाडी सरकली कशी?

याच प्रश्नाच्या मागे लागून जे समजलं ते इथे लिहितोय. तुमच्याकडे पिकअप नसेल, आय-२० किंवा पोलो असेल आणि लोअरिंग स्प्रिंग टाकायचा विचार चालू असेल, तरी गणित बरंचसं हेच आहे.

आधी या गाडीत असं काय आहे की ती फुकटात खाली बसते

टाटामोबाईल १९८८ मध्ये आली. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं (टाटा मोटर्स हे नाव २००३ पासूनचं) आणि गाडी आपल्याच पट्ट्यात, पुण्याच्या कारखान्यात बनायची. १९९१ ची सिएरा याच गाडीच्या पायावर उभी राहिली. मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पुढे मात्र प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन ए-आर्म, आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार.

टॉर्शन बार म्हणजे चासीच्या लांबीला समांतर झोपवलेली स्प्रिंग-पोलादाची सरळ सळई. तिचं पुढचं टोक ए-आर्ममध्ये अडकवलेलं असतं आणि मागचं टोक एका छोट्या आर्मच्या मदतीने चासीला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि परत सरळ व्हायला बघते. एवढीच स्प्रिंग. कॉइल नाही, पाटे नाहीत, जागाही फार लागत नाही. सिट्रोएनने १९३४ च्या ट्रॅक्शन अवांमध्ये ही वापरली, फोक्सवॅगन बीटलमध्ये होती, आणि अमेरिकेत १९६० ते १९६२ च्या शेव्हरोले पिकअपलाही पुढे टॉर्शन बारच होते.

मागच्या टोकाच्या आर्मला एक बोल्ट असतो. तो कंपनीने दिला आहे सळई वर्षानुवर्षांच्या वजनाने थोडी बसली तर गाडीची उंची परत वर आणण्यासाठी. आपण पोरं तोच बोल्ट उलटा फिरवतो. गाडी खाली येते आणि आपण फोटो काढतो.

इथे एक गैरसमज आहे. बोल्ट सैल केला की स्प्रिंग मऊ होते असं खूप जण सांगतात. नाही होत. सळईची जाडी आणि लांबी तीच आहे, त्यामुळे कडकपणाही तोच. फक्त ती कुठून पिळायला सुरुवात करते ते बदललं. उलट लो केलेली गाडी जास्त आपटते, कारण ए-आर्म आणि चासीमधल्या रबरी बफरपर्यंतचं अंतर कमी झालेलं असतं. आमच्या गाडीत ते दोन बोटांपेक्षा कमी उरलं होतं. चाक बफरला लागलं की तिथून पुढे सस्पेन्शन नाहीच, चाकावर थेट चासी बसते.

चाक सरळ वर जात नाही

सगळी गडबड या एका वाक्यात आहे. आपल्याला वाटतं खड्डा आला की चाक लिफ्टसारखं वर-खाली होतं. पण चाक टांगलेलं असतं आर्मवर, आर्मचं आतलं टोक चासीला पक्कं असतं, म्हणजे बाहेरचं टोक वर्तुळाच्या कडेवरून फिरणार. वरचा आर्म एका वर्तुळावर, खालचा दुसऱ्या. आणि स्टीअरिंगचा टाय रॉड तिसऱ्या.

वरचा आर्म मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. त्यामुळे चाक वर गेलं की त्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा जास्त आत ओढलं जातं आणि चाक आतल्या बाजूला झुकतं. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. वरची कड आत गेली तर निगेटिव्ह. इंजिनियरने हे हौस म्हणून केलेलं नाही. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा बाहेरचं चाक दाबलं जातं. ते जर आत झुकलं नाही, तर गाडीबरोबर टायरही कलेल आणि बाहेरच्या कडेवर चालेल. आखूड आर्ममुळे टायर रस्त्यावर सपाट राहतो. म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर ही वळणासाठी राखून ठेवलेली रक्कम आहे. गाडी लो करून मी ती सरळ रस्त्यावरच खर्च केली.

आमच्या गाडीवर मोजलं तेव्हा डावीकडे उणे २.३ अंश आणि उजवीकडे उणे १.९ अंश निघालं. टायरच्या आतल्या कडेवर जास्त वजन, बाहेरची कड जवळपास हवेत. तरीही नुसता कॅम्बर टायर इतक्या लवकर खात नाही. त्याला साथ लागते ती टोची.

टो: टायरचा खरा शत्रू

दोन्ही पायांचे अंगठे आत वळवून उभे राहा, तो टो-इन. बाहेर वळवले तर टो-आऊट. चाकं वरून बघितली तर तसंच.

टो मिलीमीटरमध्ये सांगतात, आणि मिलीमीटर ऐकून आपण हसतो. जरा हिशेब करू. टायरचा व्यास ७० सेंमी धरा. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर यात ६ मिमी फरक आहे. म्हणजे दोन्ही मिळून साधारण अर्धा अंश, प्रत्येक चाकाला पाव अंश. डोळ्याला दिसणारही नाही. पण पाव अंश तिरकं चाक एक किलोमीटर गेलं तर त्याला वाटेत सुमारे सव्वाचार मीटर आडवं घासत जावं लागतं. तळवडे ते चाकण एकदा जाऊन-येऊन बघा, किती मीटर रबर रस्त्यावर आडवं फिरलं. आणि कॅम्बरमुळे सगळं वजन आतल्या दोन इंचांवर असेल, तर ते घासणंही त्या दोन इंचांवरच होतं.

टायरवर हात फिरवून हे ओळखता येतं. (गाडी बंद आणि टायर थंड असताना, आणि तारा निघालेल्या टायरवर तर बिलकुल नाही.) कडेची झीज गुळगुळीत, उताराची असेल तर कॅम्बर. नक्षीच्या कडा एका दिशेने मऊ आणि उलट्या दिशेने हात नेला की आरीच्या दातांसारख्या लागत असतील तर टो. आमच्याकडे दोन्ही होतं.

आता तो खड्ड्यातला झटका. टाय रॉड हा चाकाला वळवणारा दांडा. तो साधारण आडवा असतो, एक टोक स्टीअरिंगच्या बाजूला, दुसरं चाकाला. झोपाळा आठवा. मधोमध असताना झोपाळा जवळजवळ आडवाच सरकतो, उंची फार बदलत नाही. टोकाकडे गेला की चांगलाच वर चढायला लागतो. टाय रॉड हा आडवा धरलेला झोपाळा समजा. आडव्या स्थितीत चाक थोडं वर गेलं तर रॉडचं टोक जवळपास सरळ वर जातं. पण रॉड आधीच तिरका असेल तर तेवढ्याच हालचालीत तो चाकाला आत खेचतो.

आकड्यात बघा, कारण मला स्वतःला हे आकड्यातच पटलं. ३५ सेंमी लांबीचा रॉड आडवा आहे. चाक २.५ सेंमी वर गेलं, तर रॉडची आडवी पोहोच जेमतेम ०.९ मिमीने कमी होते. आता गाडी ५ सेंमी लो करा, म्हणजे रॉडचं टोक आधीच ५ सेंमी वर. तिथून तोच २.५ सेंमीचा खड्डा घ्या. पोहोच साडेचार मिमीने कमी होते. पाचपट!

अर्थात रॉडसोबत ए-आर्मही आत सरकत असतात, त्यामुळे सगळा फरक टोमध्ये उतरत नाही. रॉडचं वर्तुळ आणि आर्मची वर्तुळं जुळत असतील तर टो बदलतच नाही. कंपनी नेमकं हेच जुळवून देते, पण तिने ठरवलेल्या उंचीच्या आसपासच्या पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या बाहेर गाडी नेऊन ठेवली की वर्तुळं एकमेकांपासून फुटतात आणि प्रत्येक उसळीला चाक आपोआप वळतं. याला बंप स्टीअर म्हणतात. रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तो चाकाची मागची कड आत ओढतो, टो-आऊट होतो. पुढे असेल तर उलटं. आणि खड्डा एकाच चाकाखाली आला तर एकच चाक वळतं. स्टीअरिंग तुमच्या हातात सरळ आहे, गाडी बाजूला चालली आहे. त्या दिवशी माझ्याबरोबर हेच झालं.

कॅस्टर, आणि पिकअपची खास भानगड

सायकलचा पुढचा दांडा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो कल म्हणजे कॅस्टर. गाडी फक्त पुढून खाली घेतली की सगळी चासी नाकावर झुकते आणि हा कल कमी होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये पावणेतीन मीटर अंतर असेल तर पुढून ५ सेंमी खाली म्हणजे जवळपास एक पूर्ण अंश कॅस्टर गेला. वळण घेतल्यावर स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही, हायवेला गाडी सतत सांभाळावी लागते.

पिकअपमध्ये यात आणखी गंमत. मागे माल भरला की पाटे बसतात, नाक वर येतं, कॅस्टर परत मिळतो. म्हणून भरलेली गाडी बरी चालायची आणि रिकामी भटकायची. मी महिनाभर याचा दोष हवेच्या प्रेशरला देत होतो.

कागद हिरवा होता, तो खोटा नव्हता

अलायनमेंट मशीन उभी गाडी मोजतं. एका उंचीवर, सपाट रॅम्पवर, कोणी आत न बसता. तो फोटो आहे. रस्त्यावर गाडीचा व्हिडिओ चालू असतो. फोटोत टो शून्याजवळ आणता येतो, टाय रॉडची लांबी फिरवली की झालं. पण रॉडचा तिरकेपणा त्याने जात नाही, त्यामुळे पहिल्याच खड्ड्यात टो पुन्हा बदलतो. कागदावर कॅम्बर लालच होता. ऑपरेटर म्हणाला, ‘जुन्या गाडीला एवढं चालतंय.’ मी पैसे दिले आणि निघालो. कागद पुढे वाचण्याची अक्कल मलाच नव्हती.

दुसऱ्यांदा गेलो ते त्रिवेणीनगरच्या बाजूला एका वयस्कर मेस्त्रींकडे. त्यांनी मशीनला हातच लावला नाही. आधी पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडून.

‘मेस्त्री, लायनिंग करायची आहे,’ मी म्हणालो.

‘कशाची करू? बॉल जॉइंट खाली लटकतोय. आज लावलेला कॅम्बर उद्या चौकापर्यंत पण राहायचा नाही. आणि गाडी किती खाली घेतली तुम्ही?’

‘दोन इंच.’

‘मग आधी ती वर घ्या. उंची ठरल्याशिवाय मी बाकीचं धरत नाही.’

त्यांचा क्रम असा होता: आधी झिजलेले पार्ट, मग उंची, मग कॅम्बर आणि कॅस्टर, आणि टो अगदी शेवटी. कारण वरचं काहीही हललं की टो हलतो. टो पहिल्यांदा लावणं म्हणजे भिंत बांधायच्या आधी रंग देणं.

कॅम्बर आणि कॅस्टर या प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये शिमने लावतात. शिम म्हणजे वरचा आर्म चासीला जिथे बोल्टने बसतो तिथल्या पातळ पट्ट्या. पुढच्या आणि मागच्या दोन्ही बोल्टखाली सारख्या बदलल्या की कॅम्बर बदलतो. एकाखाली जास्त, एकाखाली कमी केल्या की कॅस्टर. म्हणजे ‘कॅम्बरला अ‍ॅडजस्टमेंटच नाही’ असं कोणी सांगितलं तर एकदा गाडीखाली टॉर्च मारून बघा. मात्र शिमलाही हद्द आहे. पाच सेंमी लो केलेल्या गाडीचा सगळा कॅम्बर त्यातून निघत नाही, आणि बंप स्टीअरवर तर त्यांचा काही इलाजच नाही.

फोनने काय मोजता येतं आणि काय नाही

हा भाग मला सगळ्यात आवडला. मेस्त्री ओळंब्याने मोजत होते, मी फोनने, आणि आमची उत्तरं पाव अंशाच्या आत जुळली.

फोनमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तशाच सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेला असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षणाने तो तुकडा किंचित सरकतो, आजूबाजूच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून फोन कल काढतो. स्क्रीन आडवी होते ती याच चिपमुळे. लेव्हल दाखवणारं कुठलंही साधं अ‍ॅप चालतं; आयफोनमध्ये ते मेजर अ‍ॅपमध्येच असतं.

रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी धरा. टायरवर टेकवू नका, खाली वजनाने तो फुगलेला असतो. फोनची बटणं नसलेली लांब कड त्या पट्टीला लावा, कव्हर काढून. येणारा आकडा तुमचा कॅम्बर, पण लगेच विश्वास ठेवू नका.

फोनची स्वतःची चूक असते, कधी अर्धा अंश, कधी जास्त. ती काढायला एका जागी रीडिंग घ्या, फोन अर्धा फिरवून त्याच जागी पुन्हा घ्या. दोन आकड्यांतला जो फरक त्याचा अर्धा ही फोनची चूक. मग जमीन. तळवड्यात आमच्या शेडसमोरची फरशी सपाट दिसते, पण गवंड्याची पाण्याची नळी लावली तर दोन चाकांखाली १२ मिमीचा फरक निघाला. चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर, म्हणजे अर्धा अंश. तेवढा एका चाकात वाढतो आणि दुसऱ्यात घटतो. शेवटी, रिम वाकडी असू शकते; चाक अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

ओळंबा वापरायचा तर तो फेंडरवरून रिमसमोर सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. कडांमध्ये ४० सेंमी असतील तर ७ मिमीचा फरक म्हणजे एक अंश. ओळंब्याला कॅलिब्रेशन लागत नाही, बॅटरीही नाही.

कॅस्टर थेट दिसत नाही. चाक बाहेरच्या बाजूला २० अंश वळवून कॅम्बर घ्या, मग आत २० अंश वळवून घ्या, दोन्हींच्या फरकाला दीडने गुणा. आमचा फरक १.४ आला, म्हणजे कॅस्टर साधारण २.१ अंश. वीस अंश मोजायला कागदावर कोन काढून चाकाखाली ठेवला. चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत लाद्या आणि मध्ये ग्रीस असेल तर चाक मोकळं फिरतं, नाहीतर टायर जमिनीला धरून ठेवतो आणि आकडा खोटा येतो.

टो मात्र फोनने मोजायच्या फंदात पडू नका. चाक उभ्या अक्षाभोवती फिरतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाची दिशा फोनसाठी बदलतच नाही, मग चिपला कळणार कसं? कंपास वापरू म्हणाल, तर शेजारी सव्वा टन लोखंड आहे. इथे मेजर टेपच. दोन्ही टायरच्या मधोमध, अ‍ॅक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूला खडूने बारीक खूण करा. खुणांमधलं अंतर घ्या. गाडी पुढे ढकला, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत. पुन्हा मोजा. मागचं अंतर जास्त असेल तर टो-इन. गाडी कधीही मागे ढकलून मोजू नका, जोडांमधला प्ले उलट्या बाजूला बसतो.

आणि मशीनच्या कागदावर कधीच न दिसणारी टेस्ट: दोन मित्रांना पुढच्या बंपरवर उभं करा आणि टो पुन्हा मोजा. लो केलेल्या अवस्थेत आमची गाडी त्यांच्या वजनाने २.५ सेंमी दबली आणि टो ५ मिमीने बाहेर गेला. उंची परत केल्यावर हीच टेस्ट केली, तेव्हा फरक मिलीमीटरभर.

मग लो करायचीच नाही का?

अमेरिकेत हे वेड खूप जुनं आहे. रिमच्या खालच्या कडेच्याही खाली गाडीचा भाग नको असा नियम कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये आला, तर रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवलं. पोलीस दिसला की गाडी वर. तिथल्या जुन्या पिकअपसाठी ड्रॉप स्पिंडल मिळतात. त्यात चाकाचा अ‍ॅक्सल असलेला भागच असा बनवलेला असतो की चाक वर बसतं, पण आर्म आणि टाय रॉड मूळच्या कोनातच राहतात. लो करायची सरळ पद्धत हीच. ते त्या-त्या मॉडेलसाठी घडवलेले पार्ट आहेत. आपल्याकडे कोणी मूळ नकल कापून वेल्डिंग करून देतो म्हणाला, किंवा टाय रॉड गरम करून वाकवतो म्हणाला, तर तिथून निघा. तो जोड तुटला तर चाकावर तुमचा काहीही ताबा उरत नाही.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे सांगितलं आहे. कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांवरची खासगी गाडी दर पाच वर्षांनी एमएच-१४ च्या आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. तिथे बोल्ट वर-खाली करून वेळ मारून नेणारे आहेत. पण मग परत येऊन अलायनमेंट परत करतात का, तर नाही.

रस्त्याचं तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या चौकाचौकात तीच उंची हातभर रुंदीत असते. त्यावर दोन बोटं बफर घेऊन जायचं.

आम्ही गाडी परत वर घेतली. सांभाळून: पुढची बाजू जॅकवर घेऊन, खाली पक्के स्टँड लावून, सळईवरचा ताण काढूनच बोल्ट फिरवायचा, नाहीतर आटे जातात. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी झोपायचं नाही. दोन बॉल जॉइंट आणि एक टाय रॉड एंड बदलले. नंतर गाडी वीस-पंचवीस मीटर पुढे-मागे चालवून बसू दिली, कारण जॅकवरून उतरलेली गाडी काही वेळ खोट्या उंचीवर उभी असते. मग शिम, मग टो. कॅम्बर आता डावीकडे उणे ०.५, उजवीकडे उणे ०.४. दोन्ही बाजूंचे आकडे जवळ असणं महत्त्वाचं. फार फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते. आपल्या रस्त्यांना पाणी जायला डावीकडे थोडा उतार असतोच, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं आजार समजू नका.

मेस्त्रींनी जाताना एक काम करायला लावलं. सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवलं. टॉर्शन बार वर्षानुवर्षं हळूहळू बसतात. पुढच्या वेळी टायर आतून खायला लागला की आधी तो आकडा बघायचा, मशीनवर गाडी नंतर चढवायची. सहा महिने झाले, डावी बाजू ४ मिमी खाली आली आहे. या रविवारी टो मोजणार आहे. बंपरवर उभं राहायला दोन माणसं लागतील.